नागपुरातल्या शॅकमध्ये हॅम ट्रान्सीव्हरकडून पूर्ण काम कसं करून घ्यावं

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आपल्या शॅकमधून (रेडिओच्या खोलीतून) रिग, म्हणजे ट्रान्सीव्हर, चालवतो. १०० वॅटच्या रिगला ४०० वॅटचा लिनियर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) जोडला, तर समोरच्याच्या एस-मीटरची, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारी, सुई किती वर चढेल? फक्त एक एस युनिट. पॉवर चौपट झाली की ६ डीबी (डेसिबल) वाढतात आणि ६ डीबीचं एक एस युनिट होतं. आता हाच हिशोब उलट बाजूनं करा. धरमपेठेतल्या किंवा प्रतापनगरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) एस-७ नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, आहे आणि तो शोधून-शोधून एस-४ वर आणला, तर १८ डीबी हाती लागतात. तुम्हाला हाक मारणाऱ्या प्रत्येक १०० वॅटच्या स्टेशननं सहा हजार वॅट लावावेत, एवढा हा फरक आहे. त्यासाठी लागतात थोडे फेराइट (वायरवरचा नॉइज अडवणाऱ्या चुंबकीय रिंग), दोन-चार बदललेले दिवे आणि सुट्टीचा एक दिवस.

लिनियर कुठे पळून जात नाही. शिवाय परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडवाल्यांना एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॅटच्या वर जाता येत नाही, जनरल ग्रेडवाल्यांनाही ४०० वॅटची मर्यादा आहेच. म्हणून इथे क्रम असा ठेवलाय: आधी नॉइज, मग अँटेना आणि केबल, मग डीसी पुरवठा, आणि रिगवरची बटणं सगळ्यांत शेवटी. नवे हॅम बहुधा मेन्यूपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

आधी आजची स्थिती लिहून काढा

प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा) बंद, ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) बंद, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) पूर्ण, नॉइज ब्लँकर आणि नॉइज रिडक्शन बंद, फिल्टर २.४ किलोहर्ट्झ. असं सगळं लावून प्रत्येक बँडवर एक मोकळी जागा निवडा आणि सुई कुठे आहे ते वहीत लिहा. सकाळी एकदा, दुपारी तीनच्या सुमारास एकदा आणि रात्री नऊनंतर एकदा. वेळ लिहायला विसरू नका, कारण ४० मीटरवर रात्रीचा नॉइज दुपारपेक्षा निसर्गतःच जास्त असतो. त्यासाठी शेजाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

सुईवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. अनेक रिगच्या मीटरवर एस-९ च्या खालचं एक युनिट ६ डीबीचं नसून ३ डीबीच्या आसपासचं असतं. तुमच्या मीटरचं खरं माप काढायला एक स्थिर सिग्नल घ्या, ॲटेन्युएटरचं बटण दाबा आणि सुई किती घरं उतरली ते बघा. ॲटेन्युएटर किती डीबीचा आहे हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तेवढ्या डीबीला तेवढी घरं, हे तुमच्या रिगचं प्रमाण. पुढचा सगळा हिशोब याच प्रमाणानं करायचा.

आता अँटेना काढा. खरखर एकदम खाली बसली, तर रिसीव्हर हवा तेवढा संवेदनशील आहे, त्याला अजून कान देण्याची गरज नाही. ४० आणि ८० मीटरवर जवळजवळ प्रत्येक धड रिगचं असंच होतं. म्हणून या बँडवर प्रीॲम्प लावणं म्हणजे नॉइजच मोठा करून ऐकणं. फक्त १५ आणि १० मीटरवर, दुपारच्या शांत वेळी, अँटेना काढला-लावला तरी फरक जाणवत नसेल, तर प्रीॲम्प लावा.

घरातला नॉइज कसा हुडकायचा

रिग बॅटरीवर घ्या. नागपुरात घरोघरी इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी असतेच, पण तिच्या तारा इन्व्हर्टरपासून सोडवून घ्या आणि रिगच्या लीडमध्ये फ्यूज ठेवा. मग घराचा मेन स्विच पाडा. इथे बरेच जण फसतात: इन्व्हर्टरला बॅटरी जोडलेलीच राहिली, तर मेन पाडला की तो आपोआप सुरू होतो आणि तो स्वतःच एक जबरदस्त नॉइज जनरेटर आहे. तो आधी बंद हवा.

घर पूर्ण अंधारात, रिग बॅटरीवर. सुई बघा. एस-७ वरून एस-४ वर आली, तर शत्रू घरातच आहे. आता एकेक एमसीबी वर करत जा आणि हेडफोन कानावर ठेवा. कुणीतरी एमसीबीच्या बोर्डाजवळ बसून एमसीबी उचलायचा आणि मोठ्यानं सांगायचं, “किचन!”, “हॉल!” घरातल्या शाळकरी मुलाला हे काम फार आवडतं. ज्या एमसीबीला सुई उडी मारेल, त्या सर्किटवरच्या वस्तू एकेक करून प्लगमधून काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण ॲडॉप्टर प्लगमध्ये असेपर्यंत काम करत राहतो.

कानानंही बरंच कळतं. १०० हर्ट्झची सलग घरघर असेल तर डिमर, ट्रायॅकचा रेग्युलेटर किंवा विजेच्या तारांवरची ठिणगी. दर ठरावीक किलोहर्ट्झवर उंचवटे येत असतील आणि ते हळूहळू सरकत असतील, तर तो स्विचिंग पॉवर सप्लाय: मोबाइल चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर, वाय-फाय राउटरचा ॲडॉप्टर, टीव्ही. सकाळी ऊन आल्यावर सुरू होऊन संध्याकाळी थांबणारा नॉइज सोलरचा. छतांवर पॅनेल वाढल्यापासून हा प्रकार नागपुरात फार आहे.

कूलरबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण मार्च संपला की प्रत्येक खिडकीत एक कूलर लागतो आणि हॅम मंडळी सरसकट त्याच्या मोटरला शिव्या घालतात. कूलरच्या पंख्याची मोटर इंडक्शन जातीची असते. तिला ब्रश नसतात, म्हणून ठिणगीही नसते. नॉइज येतो तो वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून. रेग्युलेटर पूर्ण वेगावर फिरवा. घरघर गेली किंवा निम्म्यावर आली, तर चोर सापडला. त्याच्या जागी पायऱ्यांचा, कपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवा. तो आरएफच्या दृष्टीनं मुका असतो. तरीही आवाज राहिला, तर स्विचचे आणि टॉप प्लगचे कॉन्टॅक्ट बघा. कूलरच्या ओलाव्यानं ते काळे पडतात आणि तडतडतात.

सापडलेल्या वस्तूचं काय करायचं? दिवा असेल तर दुसऱ्या चांगल्या कंपनीचा लावून पाहा, स्वस्त दिव्यात फिल्टरच नसतो. ॲडॉप्टर असेल तर बदला. बदलता येत नसेल, तर त्याची डीसी आणि एसी दोन्ही बाजूंची वायर फेराइटच्या रिंगमधून जेवढे वेढे बसतील तेवढे फिरवा. एचएफसाठी मिक्स ३१ या जातीचा फेराइट घ्या. वायरवर नुसता क्लिपचा मणी लावून ४० मीटरवर काही होत नाही. वेढे वाढले की परिणाम वेढ्यांच्या वर्गानं वाढतो, म्हणून एका मोठ्या रिंगवरचे आठ वेढे आठ मण्यांपेक्षा कितीतरी सरस.

घराबाहेरचा नॉइज

सगळा अंधार करूनही सुई एस-६ वरच असेल, तर उगम बाहेर आहे. एक छोटा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर १६०० किलोहर्ट्झच्या आसपास मोकळ्या जागी लावा आणि गल्लीतून चाला. त्याचा आतला फेराइट अँटेना दिशादर्शक असतो. रेडिओ गोल फिरवताना ज्या स्थितीत आवाज नाहीसा होतो, त्या वेळी रॉडचं टोक उगमाकडे असतं. विजेच्या खांबापाशी सैल जंपर किंवा तडकलेला इन्सुलेटर असेल, तर खांबाजवळ आवाज अंगावर येतो. नवतपात कडकडीत कोरडं असताना हा नॉइज जोरात असतो आणि मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की बहुधा बसतो. नोंदवहीत असा नमुना दिसला, तर खांबाचा क्रमांक टिपून वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. खांबाला हात लावायचा नाही, लाथही मारायची नाही.

शेजाऱ्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका. ट्रान्झिस्टर घेऊन जा आणि “काका, जरा हे ऐकता का” म्हणा. स्वतःच्या खर्चानं एक दिवा बदलून दिला की विषय संपतो.

अँटेना: नागपूरला मिळालेली सवलत

देशाच्या मध्याची खूण मानला जाणारा झिरो माइलचा दगड सीताबर्डीजवळ आहे, हे रेडिओच्या दृष्टीनंही कामाचं आहे. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता ही चारही शहरं इथून हवाई अंतरानं साधारण ७०० ते १००० किलोमीटरांत येतात, हैदराबाद त्याहून जवळ. दिवसा आयनोस्फिअरच्या (वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याच्या) एफ-२ थरावरून एका उडीत एवढं अंतर कापायला सिग्नल जमिनीशी ३० ते ४० अंशांचा कोन करून निघावा लागतो. ४० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन बाजूंना ताणलेली वायर) पाव वेव्हलेंथवर, म्हणजे १० मीटरच्या आसपास उंचीवर असला, की त्याची ताकद नेमकी या कोनांत आणि त्याहून वर भरपूर असते. दोन मजली घराच्या गच्चीवर एक जीआय पाइप उभा केला की तेवढी उंची मिळते. युरोप-अमेरिकेसाठी खालचा कोन लागतो आणि त्यासाठी याच बँडवर २० मीटर उंची हवी, ती विसरा. डीएक्ससाठी, म्हणजे अशा लांबच्या स्टेशनांसाठी, २०, १५ आणि १० मीटर बँड आहेत. तिथे तीच १० मीटर उंची अर्धी ते एक वेव्हलेंथ ठरते.

लांबीचं सूत्र: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१४, म्हणजे एक बाजू १०.०७ मीटर. पीव्हीसीचं आवरण असलेली घरगुती वायर वापरली तर प्रत्यक्ष लांबी काही टक्के कमी भरते. तरी सुरुवात १०.४ मीटरपासून करा आणि कापू नका. टोकाला इन्सुलेटरमधून वायर मागे दुमडून स्वतःवरच पिळून घ्या. दुमडलेला भाग वायरला चिकटून राहिला की तो लांबीत धरला जात नाही. मग वर चढवा, नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावा, एसडब्ल्यूआरचा (केबलवरून किती लहर परत येते त्या मापाचा) तळ कुठे आहे ते बघा. ७ मेगाहर्ट्झवर प्रत्येक बाजू १० सेंटिमीटरनं कमी केली की तळ सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. तळ ६.९५ वर दिसला आणि ७.१ वर हवा असेल, तर दोन्हीकडे २० सेंटिमीटर आणखी दुमडा, पुन्हा मोजा. हव्या जागी बसला की महिनाभर तसाच ठेवा. पाऊस पडून जमीन भिजली की तळ थोडा हलतो, ते बघूनच कात्री लावा.

इन्व्हर्टेड व्ही (मधला भाग उंच, दोन्ही टोकं खाली) करत असाल तर दोन बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी करू नका आणि टोकं हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर बांधा. ट्रान्समिट करताना टोकांवर चांगलाच व्होल्टेज असतो आणि गच्चीवर पापड वाळत घालायला माणसं येतात. डायपोल स्लॅबपासून मीटर-दीड मीटरवर ताणला तर आतल्या सळया त्याची बरीच ऊर्जा खातात. चार-पाच मीटर तरी अंतर हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पाइप पडला तर जिथवर पोचेल, त्या वर्तुळात विजेची तार असता कामा नये. नागपूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये, महाल-इतवारीकडे, ११ केव्हीची तार गच्चीला खेटून गेलेली असते. तिथे पाइप उभाच करू नका.

फीड पॉइंटवर, म्हणजे केबल अँटेनाला जुळते तिथे, चोक (केबलच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारे वेढे) हवाच. डायपोल समतोल असतो, कोॲक्स केबल नसते. त्यामुळे कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू तिसरा हात बनून ऐकायला लागते आणि ती तुमच्या घरातून जाते, जिथे सगळे चार्जर आहेत. मोठ्या मिक्स ३१ रिंगवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे पुरतात. तसाच दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे. चोक काम करतोय का, हे असं तपासा: फीड पॉइंटला अँटेना सोडवून तिथे ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागचा रेझिस्टर) लावा. खाली रिगवर आता शांतता हवी. नॉइज तरीही ऐकू येत असेल, तर तो अँटेनातून येतच नव्हता, केबलच्या जाळीवरून येत होता.

केबल आणि फसवा एसडब्ल्यूआर

एचएफवर केबलचा बाऊ करू नका. २० मीटर चांगल्या आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झवर एक डीबीपेक्षा कमी जातो. त्याच केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झवर (२ मीटर बँड) साडेतीन-चार डीबी जातात, म्हणजे अर्ध्याहून जास्त पॉवर केबल गरम करण्यात खर्च होते. आणि ऐकतानाही तेवढंच जातं. महाग केबलचे पैसे २ मीटर बँडच्या अँटेनाला खर्च करा, ४० मीटरच्या डायपोलला नाही.

खराब केबल एसडब्ल्यूआर सुंदर दाखवते, कारण परत येणारी लहर वाटेतच विरते. १.२ चा एसडब्ल्यूआर बघून खूश होण्यापूर्वी केबलचं वरचं टोक मोकळं सोडा आणि खालून नॅनोव्हीएनएनं मोजा. आदर्श केबलला एसडब्ल्यूआर अमर्याद दिसला पाहिजे. तो ३ दिसला, तर रिटर्न लॉस (जाऊन-येऊन झालेली घट) ६ डीबी, म्हणजे केबलचा एकेरी लॉस ३ डीबी. १.९ च्या आसपास दिसला, तर एकेरी लॉस ५ डीबी, म्हणजे दोन तृतीयांश पॉवर गेली. केबलमध्ये पाणी शिरलंय. ही चाचणी रिगची पॉवर देऊन करायची नाही.

पीएल-२५९ कनेक्टर जोडायला २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. कनेक्टरचं धड उष्णता ओढून घेतं, सोल्डर वरवर बसतं आणि जाळी आत सैल राहते. ६० वॅटच्या वरची घ्या, धड आधी कानशीनं थोडं खरवडा, आणि झाल्यावर मल्टिमीटर लावून केबल कनेक्टरपाशी चांगली हलवा. आकडा थरथरला तर पुन्हा करा. सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांत कनेक्टर मिळतात, पण हातात घेऊन मधल्या पिनचं इन्सुलेशन बघा. सोल्डर करताना वितळणारं पांढरं प्लॅस्टिक असेल तर परत ठेवा, टेफ्लॉन असेल तर घ्या. पाइप, क्लॅम्प आणि यू-बोल्टसाठी इतवारीची लोहाओळी.

ट्यूनरबद्दल (अँटेना रिगशी जुळवून देणारं सर्किट) एवढंच: रिगच्या आतला ट्यूनर साधारण ३ पर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतो आणि रिगचं समाधान करतो. केबलमधला लॉस त्यानं एक पैशानंही कमी होत नाही.

१३.८ व्होल्ट रिगच्या पाठीमागे मोजा

१०० वॅटचा रिग पूर्ण पॉवरवर २० अँपिअरच्या आसपास ओढतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन मीटर लीडमध्ये, जाणं-येणं धरून, २० अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट पडतात. ६ चौरस मिलिमीटरला ०.२५. त्यात फ्यूज होल्डर, क्रोकोडाइल क्लिप आणि सैल लग यांचा आपापला वाटा. पॉवर सप्लायच्या मीटरवर १३.८ दिसतं आणि रिगला मिळतात १२.७. बऱ्याच रिगची खालची मर्यादा ११.७ असते, म्हणून रिग बंद पडत नाही, पण फायनल स्टेजला ताणल्यावर सिग्नल रुंद आणि खरखरीत होतो. डमी लोड लावा, सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये की दाबा, रिगच्या सॉकेटवर मल्टिमीटर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर लीड आखूड आणि जाड करा. हात लावून पाहा, जो सांधा कोमट लागतो तोच गुन्हेगार.

ऐकताना कोणत्या बटणाला हात लावावा

संध्याकाळी ४० मीटरवर सर्वांत उपयोगी बटण ॲटेन्युएटरचं. आपल्या भागात हॅमचा वाटा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, त्याच्या लगेच वर शॉर्टवेव्हची प्रसारण केंद्रं प्रचंड ताकदीनं चालतात. रिसीव्हरची पुढची स्टेज त्यांनी भरून जाते आणि नसलेले सिग्नल दिसू लागतात. आयकॉम ७३०० सारख्या थेट सॅम्पलिंगच्या रिगवर अशा वेळी ‘ओव्हीएफ’ ही अक्षरं उमटतात. ती दिसली की आरएफ गेन खाली घ्या. ॲटेन्युएटर लावल्यावर नॉइज आणि सिग्नल दोन्ही सारखेच उतरत असतील, तर काहीही गमावलेलं नाही.

एसएसबी (बोलण्याचा मोड) ऐकताना आरएफ गेन असा लावा: सुई नॉइजच्या पातळीवर जिथे उभी आहे, तिथून ती किंचित वर सरकायला लागेपर्यंत गेन मागे आणा. शब्दांमधल्या फटीत एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट) जो नॉइज उचलून कानात मारतो, तो शांत होतो. दोन तास नेट (अनेक स्टेशनांची ठरलेल्या वेळची भेट) चालवल्यावर डोकं दुखत नाही, हा याचा खरा फायदा. नेटसाठी एजीसी स्लो, सीडब्ल्यूसाठी फास्ट.

नॉइज ब्लँकर हा स्कूटरच्या स्पार्कसारख्या तुटक ठोक्यांसाठी आहे. सलग घरघरीवर त्याचा उपयोग नाही आणि शेजारी तगडा सिग्नल असेल तर तो उलट विकृती आणतो. नॉइज रिडक्शन पाव पातळीच्या पुढे नेलं की व्यंजनांच्या कडा जातात आणि कॉलसाइन (स्टेशनची ओळख) चुकतो. गर्दीत त्यापेक्षा फिल्टर १.८ किलोहर्ट्झवर आणणं आणि आयएफ शिफ्टनं नको ती बाजू कापणं जास्त कामाचं. कुणीतरी तुमच्याच फ्रीक्वेन्सीवर ट्यून करायला बसलं, तर ती शिट्टी कापायला नॉच.

बोलताना

एसएसबीवर वॅटमीटर ३०-४० दाखवतो म्हणून रिग कमी पॉवर देतोय असं समजून माइक गेन वाढवणारे फार आहेत. साधा वॅटमीटर सरासरी दाखवतो, १०० वॅट हे शिखराचं माप आहे. ३०-४० हेच बरोबर. क्रम असा: कॉम्प्रेसर (आवाजाचा चढ-उतार कमी करणारा) बंद, नेहमीच्या आवाजात बोला, फक्त जोरात उच्चारलेल्या अक्षरांवर एएलसीची (पॉवर मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या नियंत्रणाची) सुई तिच्या पट्ट्यात येईल एवढाच माइक गेन. मग कॉम्प्रेसर ५-६ डीबीपर्यंत. ट्रान्समिट इक्वलायझर असेल तर २०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचला. आवाज पातळ वाटेल, पण नॉइजमधून तोच निघतो.

माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर, जरा तिरका. लांबून बोलून गेन वाढवला की कॉम्प्रेसर शब्दांच्या मधल्या जागेत कूलरच उचलतो आणि कोचीतला माणूस तुमचा कूलर ‘फाइव्ह-नाइन’, म्हणजे अगदी स्पष्ट, ऐकतो. मे महिन्यात कूलर बंद करून नेट चालवा असं सांगण्याची माझी हिंमत नाही. तोंड जवळ न्या, गेन कमी करा.

एफटी-८ ला (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल मोड) नियम उलटे आहेत. तिथे एएलसी जवळजवळ हलताच कामा नये. कॉम्प्युटरचा ऑडिओ त्याच्या खाली ठेवा, कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर बंद. घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं असावं, चूक सेकंदाच्या आत. लोकेटर, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा संकेत, ML91 असा भरा, नागपूर शहर याच चौकोनात येतं. आणि १५ सेकंदांच्या खेपेत हा मोड १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवरवर असतो, म्हणून उन्हाळ्यात ३० वॅटच्या वर जाऊ नका. खोलीच ४० अंशांवर असेल तर हीट सिंककडे उष्णता टाकायला जागाच उरत नाही. रिगच्या मागे-वर हाताच्या वितीएवढी जागा मोकळी ठेवा, पंख्याच्या जाळीतली धूळ महिन्यातून एकदा ब्रशनं काढा.

नागपूरचे ऋतू

संक्रांतीच्या दिवसांत ‘ओ काट’च्या गजरात तुटलेला मांजा हमखास डायपोलमध्ये अडकतो. बंदी असूनही नायलॉनचा मांजा मिळतोच. तो वाऱ्यानं घासून दोरी कापतो. २६ जानेवारी उलटल्यावर एकदा अँटेना खाली उतरवून स्वच्छ करा. म्हणूनच दोरी कप्पीवरून सोडलेली असावी. साधी नायलॉनची दोरी इथल्या उन्हात लवकर पिठूळ होते; ऊन सोसणारी काळी पॉलिएस्टरची दोरी घ्या. केबल टायही काळेच.

एप्रिल-मे मधल्या अवकाळी वादळांत कोॲक्स रिगपासून सोडवा आणि टोक घराबाहेर ठेवा. नुसता रिग बंद करून वीज थांबत नाही. मृगाआधी प्रत्येक बाहेरच्या कनेक्टरवर आधी इन्सुलेशन टेप, मग स्वतःला चिकटणारी रबरी टेप, मग पुन्हा इन्सुलेशन टेप, खालून वर गुंडाळत. आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच गळेल. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, त्याला आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी.

बदल खरंच झाला का, हे तपासताना

हवेत मिळालेला ‘फाइव्ह-नाइन’ रिपोर्ट सौजन्याचा असतो, मोजमापाचा नाही. त्यापेक्षा इंटरनेटवरचा एखादा दूरचा वेब-रिसीव्हर उघडा आणि स्वतःचा आवाज ऐकून रेकॉर्ड करा. एफटी-८ किंवा डब्ल्यूएसपीआरवर (सिग्नल कुठवर पोचतो हे तपासायचा मोड) तुमचा सिग्नल कुठे किती डीबीनं पोचला याचे आकडेच मिळतात. एका वेळी एकच बदल करा आणि दोन्ही मोजमापं पाच-दहा मिनिटांच्या आत घ्या, कारण नागपूरवरचं आकाश तेवढ्यात बदलतं. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनोस्फिअर जिथे सर्वांत दाट होतो, त्यातला उत्तरेकडचा पट्टा भोपाळ-अहमदाबादच्या आसपासून जातो. आपण त्याच्या किंचित दक्षिणेला. त्यामुळे चांगल्या सौर वर्षांत दुपारनंतर १० आणि १५ मीटर इथून छान उघडतात. आणि त्यामुळेच मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर सिग्नल भराभरा थरथरतात. ही थरथर ऐकून एजीसीचा मेन्यू उघडू नका. त्या दिवसांतली तुलना सकाळी करा.